दक्षिण फ्रान्सची लाल वाइन आणि तिच्या जोडीचं जेवण

मैत्रिणींनो, शीर्षक वाचूनच काहीजणींनी नाक मुरडलं असेल. ‘आता हेच राहिलं होतं, बायकांच्या अंकात दारू!’ असं मनात आलं असेल, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आमच्या माहेरी ‘दारू’ हा शब्दसुद्धा मोठ्यानं उच्चारत नसत. माझे थोरले काका त्यापायी गेले. काकूंचं स्त्रीधन एकेक करून सावकाराकडे गेलं आणि मग काका गेले. मी तेव्हा सातवीत होते. त्यामुळे बाटली म्हटली, की माझ्या डोळ्यांपुढे काकूंचे मोकळे हात उभे राहतात.

अशी मी गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे फ्रान्सला जाऊन आले. तिचे यजमान मोंपेल्ये शहरात संशोधनाच्या कामासाठी तीन वर्षं आहेत. भूमध्य समुद्र तिथून अगदी जवळ. गावाबाहेर पडलं, की दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे. आपल्या नाशिककडच्यासारखे मांडवावर चढवलेले नव्हेत. बऱ्याच जुन्या मळ्यांत वेली बुटक्या, खोडाच्या, झुडपासारख्या एकट्या उभ्या. तिकडचा वारा इतका जोराचा, की मांडव टिकावा कसा! ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून जो येतो त्याला ‘मिस्त्राल’ म्हणतात आणि नार्बोनकडे डोंगरांतून येतो तो ‘त्रामोंतान’. हा कोरडा वारा पानांवरचं पाणी सुकवून टाकतो, म्हणून बुरशी कमी धरते. वेल वाकते खरी, पण निरोगी राहते.

बहिणीच्या घरमालकीण बाई ऐंशीच्या घरातल्या. आम्ही त्यांना नुसतं ‘मादाम’ म्हणायचो. पहिल्याच रविवारी त्यांनी दुपारी जेवायला बोलावलं. पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, मधोमध पाव, आणि प्रत्येकाच्या ताटाशी पाण्याचा एक आणि वाइनचा एक असे दोन पेले. माझ्या पोटात गोळा आला. बहीण कानाशी म्हणाली, “ताई, नको असेल तर पेल्यावर नुसता हात ठेव. कुणी आग्रह करत नाही.” मी हात ठेवला. मादामनी मान हलवली आणि बाटली पुढे नेली. झालं! आपल्याकडे साधा श्रीखंडाचा आग्रहसुद्धा एवढ्या सहज सुटत नाही.

पण शिक्षिकेची जात! पिणार नाही म्हटलं, तरी ‘हे काय, ते कसं’ विचारायची खोड जाईना. पाच आठवड्यांत मादामच्या स्वयंपाकघरात बसून जे समजलं, ते तुम्हाला सांगते. कुणाचे यजमान नोकरीनिमित्त परदेशी जातात, कुणाची मुलं तिकडे शिकतात. हल्ली आपल्याच नाशिकात द्राक्षापासून वाइन करणारे कारखाने आहेत. तेव्हा ही गोष्ट आपल्या दारापर्यंत आलेली आहेच. माहीत असलेलं बरं.

पहिली गोष्ट म्हणजे रंग. काळ्या द्राक्षाचासुद्धा रस बहुतेक पांढराच असतो, घरी एखादं द्राक्ष सोलून पाहा. लाल रंग सालीचा. लाल वाइन करताना रस साली-बियांसकट आंबवतात, म्हणून रंग उतरतो आणि त्याबरोबर तुरटपणाही उतरतो. हा तुरटपणा म्हणजे ‘टॅनिन’. तो तुम्हाला चांगला ओळखीचा आहे: जांभूळ खाल्ल्यावर जीभ जड होते, कोरा चहा जास्त उकळला की तोंड आखडतं, तेच ते.

आणि आता गंमत बघा. कोऱ्या चहात दूध घातलं, की तुरटपणा कुठे जातो? दुधातली प्रथिनं टॅनिनला धरून बसतात. मांस आणि चीज यांचंही तसंच. म्हणून तुरट लाल वाइनबरोबर ते लोक मटण किंवा चीज खातात. ‘या वाइनबरोबर हे, त्या वाइनबरोबर ते’ असं जे मोठं शास्त्र सांगतात ना, त्याचं निम्मं मर्म आपल्या सकाळच्या चहाच्या कपात आहे. मी हे बोलून दाखवलं, तेव्हा मादाम खूप हसल्या.

उरलेलं निम्मं म्हणजे द्राक्षाची जात. दक्षिणेकडे एका बाटलीत सहसा दोन-तीन जातींचा रस मिसळलेला असतो. ‘ग्रनाश’ उन्हात वाढणारी, तिची वाइन कडक आणि वासाला लाल फळांसारखी. ‘कारिन्यां’ आंबट आणि रांगडी. ‘मुर्वेद्र’ला समुद्राची ऊब लागते. बांदोल हे समुद्रकाठचं गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या लाल वाइनमध्ये निम्मी तरी मुर्वेद्र असावीच लागते आणि ती लाकडी पिंपात किमान दीड वर्ष ठेवावी लागते. चौथी ‘सिरा’. हिला आपण ओळखतो, नाव मात्र वेगळं. नाशिकला जिला ‘शिराझ’ म्हणतात, तीच ही. इराणच्या शिराझ शहरातून ती आली, अशी एक कथा सांगतात, पण जनुकांच्या तपासणीत तिचे आईबाप फ्रान्सचेच निघाले. तिच्या वाइनला काळ्या मिऱ्याचा वास येतो म्हणतात. मला ती कविकल्पना वाटायची. पण २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की मिऱ्यात जो वासाचा पदार्थ असतो तोच या द्राक्षातही असतो. मी पेला नाकाशी धरून पाहिला. खरंच मिरी!

बहिणीच्या यजमानांनी एकदा आविन्योंला नेलं. चौदाव्या शतकात, १३०९ ते १३७७, पोप रोमऐवजी इथे राहत. त्यांच्या उन्हाळी वाड्याभोवतीचं गाव म्हणजे शातोनफ द्यु पाप, अर्थात ‘पोपांचा नवा वाडा’. तिथल्या वाइनचं नाव फार मोठं आणि किंमतही तशीच. मळ्यात माती दिसतच नाही, नुसते नारळाएवढे गोल गोटे. दिवसभर तापतात आणि रात्री वेलींना शेकतात. इथल्या नियमांत तेरा जातींची द्राक्षं चालतात. आणि १९५४ साली इथल्या नगराध्यक्षांनी हुकूम काढला होता, की उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरायला सक्त मनाई आहे! खरा हुकूम, बरं का. गावाचं नाव गाजवायची युक्ती. ती साधली, हे मान्य करायला हवं.

पण रोजच्या टेबलावर शातोनफ कोण ठेवतो? मादामच्या घरी असायची ती कोर्बिएरची किंवा मिनेर्व्हुआची, म्हणजे शेजारच्याच डोंगरांतली. या दोन्ही भागांना १९८५ साली सरकारी दर्जा मिळाला. त्याआधी या प्रांताची, लांगदोकची, वाइन म्हणजे ‘पाण्यासारखी स्वस्त’ अशी बदनामी होती. तीही उगाच नव्हती. त्यामागची हकिकत मादामनी सांगितली, ती मला वाइनपेक्षा जास्त लक्षात राहिली.

१८६३च्या सुमारास अमेरिकेहून आलेला एक बारीक किडा, फिलोक्सेरा, दक्षिण फ्रान्सच्या वेलींच्या मुळांना लागला. मळेच्या मळे वाळले. शेवटी अमेरिकन वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचा उपाय सापडला. आज आपल्याकडेही द्राक्षाला खुंट वेगळा आणि वरची वेल वेगळी असते, तसंच. मग जो तो भरमसाट पीक देणाऱ्या जाती लावू लागला. त्यात साखर-पाणी घालून केलेली नकली वाइनही बाजारात आली आणि भाव पार कोसळले. १९०७च्या मार्चमध्ये आर्जेलिए नावाच्या खेड्यातले ८७ शेतकरी गाऱ्हाणं घेऊन नार्बोनला चालत गेले. पुढारी कोण, तर मार्सलँ आल्बेर, गावातला एक कॅफेवाला. दर रविवारी सभा मोठी होत गेली. ९ जूनला मोंपेल्येत लाखो माणसं जमली, चार-पाच लाख तरी म्हणतात. सरकारनं फौज पाठवली, नार्बोनमध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. सैन्याच्या सतराव्या पलटणीत त्याच भागातली पोरं होती, ती बंड करून उठली. आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन पंतप्रधान क्लेमांसोंना भेटला. त्यांनी त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट दिली आणि वर्तमानपत्रांतून ती बातमी पसरवली. गावच्या लोकांना वाटलं, गडी विकला गेला! जून संपता संपता भेसळीविरुद्ध कायदा झाला, पण आल्बेरची पत कायमची गेली. १९२१ साली तो गरिबीतच वारला. मादामचे आजोबा त्या मोंपेल्येच्या सभेत होते. त्यांनी मरेपर्यंत आल्बेरला माफ केलं नाही. मादाम मात्र म्हणाल्या, “बिचाऱ्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते, एवढंच.”

आता जेवणाकडे येऊ. तुमची उत्सुकता तिथेच असणार!

तिकडच्या डोंगरउतारांवर थाइम आणि रोझमेरी आपोआप उगवते, रानतुळशीसारखी. उन्हात नुसतं चालत गेलं तरी कपड्यांना वास लागतो. हेच तिथल्या रस्श्यांत, आणि तिथल्या लाल वाइनलाही त्याचा वास येतो म्हणतात. मटणाचा तुकडा या पाल्याबरोबर भाजला, की सिरा किंवा कोर्बिएर. कास्तेलनोदारी गावचं ‘कासुले’ म्हणजे पांढरा घेवडा, बदकाचं मांस, डुकराचं मांस आणि सॉसेज मातीच्या पसरट भांड्यात तासन् तास शिजवलेलं. वर तपकिरी पापुद्रा येतो तो पुन्हा पुन्हा आत दाबायचा. इतकं तेलकट आणि जड, की त्याला तुरट आंबटसर वाइनच हवी, म्हणजे मिनेर्व्हुआ किंवा कारिन्यां असलेली कोर्बिएर. आपण तेलकट भजीबरोबर चिंचेची चटणी का घेतो? त्याच न्यायानं. फितूची वाइन डोंगरातल्या रानडुकराच्या रस्श्याबरोबर घेतात.

शाकाहारी मैत्रिणींनी निराश होऊ नये. नीस शहराची ‘रातातुय’ म्हणजे वांगी, टोमॅटो, भोपळी मिरची आणि काकडीसारखा दिसणारा कुर्जेत भोपळा, सारं ऑलिव्हच्या तेलात मऊ शिजवलेलं. आपल्या वांग्याच्या भाजीची लांबची बहीण, फक्त तिखट-मसाल्याविना. तिच्याबरोबर ग्रनाशची हलकी वाइन, थोडी गार करून. शेळीच्या दुधाच्या पेलार्दों चीजबरोबरही चालते. मेंढीच्या दुधाचं निळ्या बुरशीचं रोकफोर चीज मात्र फार खारट, त्याला साधी लाल वाइन कडू लागते. त्याच्याशी बान्यूल्सची गोड वाइन जुळते, आणि तीच चॉकलेटच्या केकशीही. मासे असले, तर ते लोक सहसा पांढरी किंवा गुलाबी वाइन काढतात.

आणि आपलं झणझणीत? मी मुद्दाम विचारलं, कारण बहिणीनं एकदा कोल्हापुरी मटण केलं होतं. मद्यानं तिखटाची आग वाढते, तुरटपणानं आणखी भडकते. मादामनी एक घोट घेतला आणि लगेच पाण्याचा पेला उचलला. तेव्हा कुणी हॉटेलात तांबड्या रस्श्यासोबत महागडी लाल वाइन सुचवली, तर ते पैसे पाण्यात गेले समजा.

मादामची ‘दोब’ तुम्हाला सांगते. प्रोव्हान्स भागात ती बहुतेक गोमांसाची करतात. पण आविन्योंकडे मेंढीच्या मटणाचीही करतात, आणि आम्ही गोमांस खात नाही म्हणून मादामनी तशी केली. दीड किलो खांद्याचं मटण, मोठे तुकडे. त्यात दोन कांदे, दोन गाजरं, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या, तमालपत्र, थाइमची काडी, आणि संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा बोटाएवढा तुकडा. वर एक बाटली लाल वाइन ओतून रात्रभर थंड जागी ठेवायचं. सकाळी मटण निथळून, कोरडं पुसून ऑलिव्हच्या तेलात लालसर परतायचं (ओलं परतलं तर ते शिजतं, भाजलं जात नाही), मग गाळलेली वाइन आणि भाज्या घालून झाकण लावून अगदी मंद आंचेवर तीन तास. मीठ-मिरी बेतानं. शेवटी मूठभर काळी ऑलिव्ह. भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ नको, वाइन आंबट असते. दुसऱ्या दिवशी गरम करून जास्त छान लागते, हे आपल्या मटणासारखंच.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. ‘शिजवल्यावर मद्य उडून जातं’ असं सर्रास म्हणतात, ते पुरतं खरं नाही. पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के उरतं आणि अडीच तासांनीसुद्धा ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून पोटुशी बाई, लहान मुलं आणि ज्यांनी दारू सोडली आहे अशी माणसं घरात असतील, तर वाइनऐवजी मटणाचं पाणी आणि थोडा व्हिनेगर घाला.

आणखी दोन बारीकसारीक गोष्टी. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ म्हणतात, पण ती खोली फ्रान्सची, १६ ते १८ अंशांची! आपल्या एप्रिलातली नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, मग आंबट होत जाते. कपड्यावर सांडली, तर चोळू नका. आधी फडक्यानं टिपा, वर भरपूर मीठ पसरा आणि नंतर गार पाण्यातून काढा.

इथवर सगळं गोड गोड झालं. पण मला जे विचारायचं होतं, ते मी शेवटच्या आठवड्यात विचारलं. मादाम दोब ढवळत होत्या. बहिणीकडून भाषांतर करवून मी म्हटलं, “आमच्याकडे दारूनं घरं बुडतात. तुमच्याकडे ही रोज जेवणात असते, मग तुमची घरं कशी वाचतात?”

मादामनी पळी खाली ठेवली. म्हणाल्या, “कोण म्हणालं वाचतात?”

त्यांचे यजमान मळ्यात कामाला होते. मजुरीबरोबर रोजची वाइन मिळायची, तशी रीतच होती तिकडे. सकाळी न्याहारीला, दुपारी, संध्याकाळी. ‘ही दारू थोडीच, ही तर जेवण’ असं सगळेच म्हणायचे. चौपन्नाव्या वर्षी यकृतानं गेले. कधी कुणाला मारलं नाही, रस्त्यात पडले नाहीत. नुसते हळूहळू पिवळे पडत गेले.

आणि पुढे मादाम म्हणाल्या ते ऐकून माझ्यातली बाई चाट पडली. त्यांच्या लहानपणी शाळेतल्या जेवणात मुलांना पाणी घातलेली वाइन मिळे! चौदा वर्षांखालच्या मुलांना शाळेत ती बंद झाली १९५६ साली, आणि मोठ्या मुलांच्या शाळांतून पूर्णपणे १९८१ साली. आज तिथल्या सरकारचाच सल्ला आहे, की आठवड्याला दहा पेल्यांहून जास्त नको, दिवसाला दोनांहून जास्त नको, आणि काही दिवस अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली याहून पुढे जाऊन सांगितलं, की मद्याचं निर्धोक असं प्रमाणच नाही. लाल वाइन हृदयाला चांगली, असं १९९०च्या दशकात फार बोललं गेलं. कुणी पार्टीत तुमच्या यजमानांना ते सांगू लागलं, तर त्यावर भिस्त ठेवू नका. मादाम स्वतः रविवारी एक पेला घेतात. सोमवार ते शनिवार नाही. यजमान गेल्यापासून हा नेम.

मी शेवटच्या रविवारी पेल्यावरचा हात काढला का, असं तुम्ही विचाराल. काढला. दोन घोट घेतले, दोबबरोबर. जांभळासारखं तुरट, मग मिरी. वाईट नव्हतं. तिसरा घ्यावासा वाटला नाही, आणि न घेतल्याचं कुणाला काही वाटलं नाही.

निघताना मादामनी कोर्बिएरची एक बाटली पुसण्याच्या फडक्यात गुंडाळून दिली. घरी आल्यावर ती गव्हाच्या डब्यामागे दोन महिने पडून होती. आमचे हे दोनदा म्हणाले, “उघडायची का?” मी म्हटलं, “दोब करायची आहे.” श्रावण-भाद्रपद संपल्यावर एका रविवारी केली. संत्र्याची साल मी आधीच गच्चीवर वाळवून ठेवली होती. काकू त्या दिवशी जेवायला येणार होत्या. आदल्या रात्री मी त्यांना फोन करून स्पष्ट सांगितलं, की काकू, मटणात वाइन आहे, फ्रान्सची. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्यासाठी पिठलं टाक.”

काकू आल्या, पिठलं-भाकरी जेवल्या. आम्ही दोब खाल्ली, मुलाची त्या भांड्यातून वेगळी काढून, वाइन न घालता केलेली. जेवताना मी मादामची सगळी गोष्ट सांगितली, त्यांच्या यजमानांचीही. काकू ऐकत होत्या, मध्ये काही बोलल्या नाहीत. हात धुवायला उठल्या तेव्हा मोरीशी थांबून त्यांनी विचारलं, “ती बाई आता एकटीच राहते का गं?”